लॅन केबल जोडली की टीव्हीचे चित्र फुटते: कारण कसे शोधावे?

सांजवात (धागाकर्ता)

नमस्कार. गेले तीन आठवडे एका अडचणीने पिच्छा पुरवला आहे, आणि माझ्या परीने सगळे करून झाल्यावर इथे विचारत आहे.

छतावरच्या अँटेनावरून येणारे डिजिटल प्रसारण आम्ही पाहतो. अँटेनाची कोअॅक्सियल केबल भिंतीतल्या सॉकेटपर्यंत येते आणि तिथून दीड मीटरची तयार तार टीव्हीच्या मागे जाते. राउटर शेजारच्या खोलीत आहे. इंटरनेटवरचे कार्यक्रम न अडखळता दिसावेत म्हणून मी तिथून टीव्हीपर्यंत साधारण १५ मीटर लॅन केबल ओढली आणि तिची दोन्ही टोके स्वतः क्रिंप केली, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवली. शेवटचे चार मीटर ही केबल आणि अँटेनाची केबल एकाच केसिंगमधून जातात.

लॅन केबल टीव्हीत खोचली की दोन-तीन सेकंदांत काही वाहिन्यांवर चौकोनी ठोकळे उमटू लागतात, आवाज तुटतो आणि कधीकधी चित्र थिजते. केबल उपसली की सगळे पूर्ववत होते. टीव्हीच्या मेनूत सिग्नलची ताकद ७४ टक्के दिसते आणि केबल लावली तरी ती हलत नाही. दर्जाचा आकडा मात्र १०० वरून ३० पर्यंत घसरतो. केबलमध्ये दोष असावा असे वाटत नाही, कारण टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात आणि इंटरनेटवरचे कार्यक्रम व्यवस्थित चालतात. मला सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी, की इंटरनेटवरून काहीही पाहत नसलो तरी नुसती केबल खोचलेली असणे पुरेसे होते.

अँटेना बदलावी, टीव्ही दुरुस्तीला द्यावा की केबल काढून वायफायवर समाधान मानावे?

पाऊलवाट

माझ्याकडे असे ठोकळे दिसत होते तेव्हा अँटेनाला बूस्टर लावल्यावर अडचण गेली होती. तुमच्याकडेही मूळ सिग्नल काठावर असेल आणि थोड्याशा व्यत्ययानेही तो कोलमडत असेल, तर बूस्टरचा उपयोग व्हावा. त्याशिवाय साध्या लॅन केबलऐवजी धातूचे आवरण असलेली केबल वापरून पाहावी, असे सुचवतो.

अनुनाद

पाऊलवाट यांच्या दोन्ही सूचनांमागचा हेतू समजतो, पण इथे दोन्ही लागू पडतील असे वाटत नाही. कारण धागाकर्त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे: ताकद जागच्या जागी आणि दर्जा मात्र पडलेला. सिग्नल कमजोर असता तर ताकदीचा आकडा आधीच खाली दिसला असता. येथे पुरेसा सिग्नल येतो आहे, पण त्याच्या शेजारी गोंगाट येऊन बसतो आहे. हा गोंगाट बूस्टरच्या पुढे, म्हणजे टीव्हीजवळच शिरत असेल, तर छतावरचा बूस्टर त्याला रोखू शकत नाही, आणि टीव्हीजवळ बसवलेला बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो. त्यातच सिग्नल मुळात सशक्त असेल, तर बूस्टर स्वतःच अतिभाराने विकृती निर्माण करू लागतो.

आता केबल नुसती खोचलेली असताना व्यत्यय का येतो, ते पाहू. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटचा असतो. या वेगाच्या जोडणीत माहिती जात नसली तरी दोन्ही टोके एकमेकांशी ताल राखण्यासाठी अखंड संकेत पाठवत राहतात. सेकंदाला १२.५ कोटी चिन्हे तारेवरून धावत असतात, मग आपण काही पाहत असा वा नसा. फक्त वीज वाचवण्याची पद्धत दोन्ही उपकरणांत असेल आणि सुरू असेल, तर रिकाम्या वेळी हा ओघ थांबतो. जुन्या १० मेगाबिटच्या जोडणीत मात्र रिकाम्या वेळी सुमारे १६ मिलिसेकंदांनी एक लहानशी टिचकी जाते, एवढेच.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी पुढील तपासण्या कराव्यात ही विनंती. केबल टीव्हीत खोचलेलीच ठेवून पलीकडचा राउटर बंद करावा आणि दर्जाचा आकडा पाहावा. मग राउटरच्या मेनूत सोय असल्यास त्या पोर्टचा वेग १० मेगाबिटवर आणावा. शक्य असल्यास बॅटरीवर चालणारा लॅपटॉप एका लहान, तयार केबलने थेट टीव्हीला जोडून पाहावा. आणि कोणत्या वाहिन्या बिघडतात, कोणत्या नाहीत, त्यांची फ्रिक्वेन्सी लिहून ठेवावी. माझ्या मते ही शेवटची नोंद सर्वांत बोलकी ठरेल.

सांजवात (धागाकर्ता)

चारही तपासण्या केल्या.

राउटर बंद केला, की केबल खोचलेली असूनही दर्जा १०० वर परततो. म्हणजे केबल केवळ तिथे असण्याने काही होत नाही, तिच्यातून संकेत वाहत असेल तेव्हाच बिघडते. राउटरचा पोर्ट १० मेगाबिटवर आणला तेव्हा एकदाही ठोकळा दिसला नाही. लॅपटॉप लहान केबलने जोडला तेव्हा इतर सर्व गट (एकाच फ्रिक्वेन्सीवर येणाऱ्या वाहिन्यांचे समूह) स्वच्छ राहिले, फक्त एका गटाचा दर्जा १०० वरून ८५ वर आला.

फ्रिक्वेन्सींची नोंद अशी आहे. बिघडणारे गट १७७.५, २२६.५ आणि ६२६ मेगाहर्ट्झवर आहेत, आणि लहान केबल असतानाही किंचित घसरणारा गट ६२६ चा आहे. मुळीच न बिघडणारे गट २०५.५ आणि ५६२ मेगाहर्ट्झवर आहेत. १९१.५ च्या गटाचा दर्जा ९० च्या आसपास येतो, पण चित्र फुटत नाही.

अनुनाद

हा नकाशा अगदी स्पष्ट आहे. लॅनच्या जवळजवळ प्रत्येक चिपजवळ २५ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक असतो आणि त्याच्यापासून १२५ मेगाहर्ट्झचा ताल तयार होतो. या २५ च्या पटीतल्या फ्रिक्वेन्सींवर थोडी ऊर्जा नेहमीच झिरपते: १७५, २००, २२५, तसेच पुढे ५००, ६२५ वगैरे. आता तुमचे गट पाहा. व्हीएचएफमधला, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यातला, प्रत्येक गट ७ मेगाहर्ट्झ रुंद आहे, म्हणून १७७.५ चा गट १७४ ते १८१ व्यापतो आणि त्यात १७५ येते. २२६.५ चा गट २२३ ते २३० व्यापतो, त्यात २२५ येते. यूएचएफमधला, म्हणजे वरच्या पट्ट्यातला, गट ८ मेगाहर्ट्झ रुंद आहे, त्यामुळे ६२६ चा गट ६२२ ते ६३० असून त्यात ६२५ येते. याउलट २०५.५ आणि ५६२ च्या गटांत २५ ची एकही पट पडत नाही. टीव्ही आणि अँटेना दोन्ही निर्दोष आहेत, हे आता जवळजवळ निश्चित समजावे.

१९१.५ च्या गटातही पट पडत नाही, तरी त्याचा दर्जा थोडा उतरला. याचा अर्थ झिरपणाऱ्या तालाव्यतिरिक्त खुद्द माहितीचा पसरट गोंगाटही केबलमधून बाहेर पडतो आहे. लहान तयार केबलने तो गेला आणि तुमच्या १५ मीटरच्या केबलने तो येतो. म्हणून एक प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर पारदर्शक प्लगमधून पाहून अगदी अचूक द्यावे: कनेक्टरची खिटी खाली आणि तांब्याचे दात वर धरल्यास डावीकडून रंगांचा क्रम काय आहे?

सांजवात (धागाकर्ता)

दोन्ही टोकांना क्रम सारखाच आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडीतल्या तारा शेजारी-शेजारी ठेवल्या की गोंधळ होणार नाही, असा विचार करून मी हा क्रम ठेवला होता.

नभांगण

मी काही वर्षे कार्यालयांत नेटवर्कची जोडणी करण्याचे काम केले आहे, आणि हा दोष मी अनेकदा पाहिला आहे. चूक समजण्याजोगी आहे, कारण हा क्रम दिसायला योग्य क्रमापेक्षाही नीटनेटका दिसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅन केबलमध्ये आठ तारा असल्या तरी तिचा जीव चार जोड्यांमध्ये असतो. प्रत्येक जोडीतल्या एका तारेवर जो विद्युत दाब चढतो, तेवढाच दुसऱ्या तारेवर उतरतो. दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्यामुळे दुरून पाहणाऱ्या वस्तूला, उदाहरणार्थ शेजारच्या अँटेनाच्या केबलला, त्या दोघींची बेरीज शून्याजवळ भासते. केबलला कसलेही आवरण नसताना ती शांत राहते ती केवळ या पिळामुळे. पीळ जितका नियमित, तितकी शांतता अधिक.

कनेक्टरवर जोड्या कशा बसतात, हे मात्र सरळ नाही. पहिली जोडी १ आणि २ या दातांवर, दुसरी ३ आणि ६ वर, तिसरी ४ आणि ५ वर, चौथी ७ आणि ८ वर बसते. मधले ४ आणि ५ हे दात दूरध्वनीच्या जोडीसाठी राखलेले होते, म्हणून एक जोडी त्यांना ओलांडून ३ आणि ६ वर गेली. ही विचित्र वाटणारी रचना दूरध्वनीच्या काळातून आलेली आहे.

धागाकर्त्यांच्या क्रमात ३ वर पांढरा-हिरवा आहे आणि ६ वर निळा. म्हणजे उपकरण ज्या दोन दातांना एक जोडी समजते, त्या दोन तारा प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या पिळांमधल्या आहेत. १५ मीटर त्या दोघी एकमेकींशी न पिळता, आपापल्या दुसऱ्याच सोबतिणींशी पिळून चालल्या आहेत. त्यांच्यातले अंतर सतत कमी-जास्त होते, एकीने पसरवलेले क्षेत्र दुसरी पुसू शकत नाही, आणि केबल लांबच लांब अँटेनासारखी वागू लागते. या प्रकाराला आम्ही 'स्प्लिट पेअर' म्हणतो.

टेस्टर हा दोष का दाखवत नाही? साधा दिव्यांचा टेस्टर फक्त एवढेच विचारतो, की या टोकाचा तिसरा दात त्या टोकाच्या तिसऱ्या दाताशी जोडलेला आहे का. उत्तर होकारार्थीच येते, कारण दोन्ही टोकांना चूक तंतोतंत सारखी आहे. कोणती तार कोणाशी पिळलेली आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते जाणायला जोड्यांमधली गळती मोजणारे महागडे उपकरण लागते, किंवा डोळ्यांनी रंग वाचावे लागतात.

आणि इंटरनेट व्यवस्थित का चालले, तर टीव्हीचा पोर्ट १०० मेगाबिटचा असल्यामुळे. या वेगाला चारपैकी दोनच जोड्या लागतात, १-२ आणि ३-६. त्यातली १-२ तुमच्याकडे योग्य आहे. ३-६ बिघडलेली असली, तरी १५ मीटरसारख्या कमी अंतरावर संकेत तग धरतो. हीच केबल दोन संगणकांमध्ये गिगाबिटला लावली असती, तर जोडणी बहुधा रडतखडत चालली असती किंवा वेग आपोआप उतरला असता, आणि दोष पहिल्याच दिवशी लक्षात आला असता.

योग्य क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोके कापून पुन्हा क्रिंप करावीत. प्लगजवळ पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक सोडू नये आणि केबलचे बाहेरचे आवरण प्लगच्या आत, पाचरीखाली दाबले जाईल असे घ्यावे.

पाऊलवाट

नभांगण, फार उत्तम समजावलेत. बूस्टरबाबतचे म्हणणे मला पटले. पण आवरण असलेल्या केबलबद्दल अजून शंका आहे. धातूचे आवरण घातले तर गोंगाट आतच राहायला हवा ना?

अनुनाद

आवरण उपयोगी आहे, पण ते दोन्ही टोकांना धातूच्या कवचाच्या प्लगमधून उपकरणाच्या धातूच्या शरीराशी जोडलेले असेल तरच. घरगुती राउटर बहुधा प्लास्टिकच्या पेटीत असतात आणि त्यांच्या पोर्टला धातूचे कवचच नसते. अशा वेळी आवरण एका टोकाला अधांतरी लोंबते, आणि अधांतरी लोंबणारा लांब धातू स्वतःच अँटेना होतो.

दुसरी बाब अशी, की साधी लॅन केबल दोन्ही टोकांच्या लहान ट्रान्सफॉर्मरमुळे उपकरणांना विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवते. आवरण दोन्हीकडे जोडले की टीव्हीची अँटेना-भू (अर्थिंग) आणि राउटरची भू यांच्यात नवा मार्ग तयार होतो आणि त्यातून वीजपुरवठ्याची गुणगुण फिरू शकते. म्हणून घरात योग्य रीतीने क्रिंप केलेली बिनआवरणाची केबल हीच माझी पहिली निवड असते.

सांजवात (धागाकर्ता)

काल रात्री दोन्ही टोके कापली आणि नभांगण यांनी दिलेल्या क्रमाने पुन्हा बसवली. कापलेला जुना प्लग हातात घेऊन पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तारा नीट ओळीत याव्यात म्हणून मी पीळ जवळजवळ चार सेंटिमीटर सोडवला होता आणि बाहेरचे निळे आवरण प्लगपर्यंत पोचलेलेच नव्हते. आठ उघड्या तारा कंगव्यासारख्या सरळ उभ्या होत्या. आता पीळ अगदी दातांच्या जवळपर्यंत राखला आहे.

निकाल असा: १७७.५ आणि २२६.५ च्या गटांचा दर्जा लॅन केबल जोडलेली असतानाही १०० वर टिकतो. १९१.५ चाही १०० आहे. ६२६ चा गट मात्र पूर्ण सावरलेला नाही. तो ३० वरून ७० पर्यंत चढला आहे, पण दर काही मिनिटांनी एखादा ठोकळा येतोच. पोर्ट १० मेगाबिटवर नेला की तोही स्वच्छ होतो.

नभांगण

फार चांगली प्रगती आहे. पसरट गोंगाट गेला आणि आता फक्त तालाची ६२५ मेगाहर्ट्झची पट उरली. ती चिपमधून पोर्टच्या सर्व तारांवर एकाच दिशेने चढते, त्यामुळे जोडीतल्या दोन तारा तिला एकमेकींत पुसू शकत नाहीत. लहान केबलने टीव्हीला लॅपटॉप जोडला तेव्हाही ६२६ थोडा घसरला होता, हे इथे जुळते. तिच्यावर पिळाचा नव्हे, फेराइट या चुंबकीय पदार्थाचा उपाय आहे.

बाजारात चिमट्यासारखी उघडणारी फेराइटची कडी मिळते. ती लॅन केबलवर टीव्हीच्या प्लगपासून दोन-तीन सेंटिमीटरवर बसवावी. जोडीतला मूळ संकेत दोन तारांत समान आणि उलट असल्यामुळे कडीला तो जाणवतच नाही आणि इंटरनेटचा वेग कमी होत नाही. सगळ्या तारांवरून एकाच दिशेने वाहणाऱ्या गोंगाटाला मात्र ती अडवते. कमी फ्रिक्वेन्सीला केबलचे दोन-तीन वेढे घेतल्यास परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, परंतु ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास वेढ्यांमधून गोंगाट आडवा उडी मारून जातो. म्हणून तुमच्या बाबतीत अनेक वेढ्यांची एक कडी न घेता, एका फेऱ्याच्या दोन-तीन कड्या एकामागोमाग लावाव्यात. कडी यूएचएफसाठीच्या मिश्रणाची आहे ना, तेही पाहावे. वीजपुरवठ्याच्या तारांसाठी विकली जाणारी कडी बहुधा फार खालच्या फ्रिक्वेन्सीची असते.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूकडेही पाहावे. गोंगाट बाहेर पडतो आहे हे खरे, पण तो अँटेनाच्या केबलच्या आत शिरतो कसा? चांगल्या कोअॅक्सियल केबलला पत्रा आणि जाळी असे दुहेरी आवरण असते आणि तिच्यात सहजासहजी काही शिरत नाही. मला सॉकेट ते टीव्ही ही दीड मीटरची तयार तार संशयास्पद वाटते. तिचा प्लग उघडून जाळी कशी जोडली आहे ते पाहाल का?

सांजवात (धागाकर्ता)

पाहिले, आणि पाहून वाईट वाटले. प्लगचे प्लास्टिकचे टोपण फिरवून काढले तर आत जाळीचे जेमतेम सात-आठ केस एकत्र मुरगळून एका बाजूला टेकवलेले होते. ना झाळलेले, ना दाबलेले. बोट लावताच ते सरकले. पत्र्याचे आवरण तर नव्हतेच. काळ्या रबराखाली जाळी इतकी विरळ होती की तिच्या फटींतून आतले पांढरे प्लास्टिक स्वच्छ दिसत होते. मी छतावरची अँटेना तीनदा हलवली, आणि चूक मात्र टीव्हीच्या मागे हाताच्या अंतरावर होती.

दुहेरी आवरणाच्या ७५ ओहमच्या केबलचा दीड मीटर तुकडा घेऊन, दोन्ही टोकांना स्क्रूचे एफ-कनेक्टर दाबयंत्राने बसवून आणि टीव्हीच्या बाजूला धातूचा जोडक लावून नवी तार तयार केली. फेराइटच्या कड्या लावण्याआधी मुद्दाम एवढाच बदल करून पाहिला: ६२६ च्या गटाचा दर्जा ७० वरून ९६ वर गेला. मग टीव्हीजवळ लॅन केबलवर दोन कड्या लावल्या आणि तो १०० झाला. कड्या काढून-लावून तीन वेळा खात्री केली.

केसिंगमध्येही थोडा बदल केला आहे. दोन्ही केबल आता एकमेकींपासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतराने जातात, आणि जिथे एकमेकींना ओलांडावेच लागते तिथे काटकोनात ओलांडतात. याचा आकड्यांवर वेगळा परिणाम दिसला नाही, कारण दर्जा आधीच पूर्ण झाला होता.

पाऊलवाट

हे वाचून मी माझ्या टीव्हीमागची तार तपासली. तिची जाळी ठीक आहे. पण माझ्याकडे लॅन केबल काढली तरी ५६२ चा गट अधूनमधून फुटतो. याचाही लॅनशी संबंध असू शकतो का?

अनुनाद

केबल काढून फरक पडत नसेल, तर लॅनला दोष देऊ नये. टीव्ही वगळता घरातली बाकीची उपकरणे एकेक करून भिंतीच्या प्लगमधूनच काढावीत. नुसते रिमोटने बंद करणे पुरत नाही. राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा लहान अॅडॉप्टर, एलईडी दिव्याचा चालक आणि पातळ आवरणाची एचडीएमआय केबल यांच्याकडे आधी पाहावे. एचडीएमआयचा ताल चित्राच्या आकारमानाप्रमाणे बदलतो, म्हणून बॉक्सचे रेझोल्यूशन बदलल्यावर बिघडणारा गट बदलत असेल, तर तीच केबल दोषी समजावी. आणि ताकदीचा व दर्जाचा असे दोन्ही आकडे प्रत्येक पायरीला लिहून ठेवावेत. ते इथे टाकले, की पुढचे पाहता येईल.

सांजवात (धागाकर्ता)

दहा दिवस उलटले. लॅन केबल सतत जोडलेली आहे, राउटरचा पोर्ट पुन्हा १०० मेगाबिटवर आहे आणि सर्व गटांचा दर्जा १०० दिसतो. जुना प्लग आणि जुनी तार मी टाकून दिलेली नाहीत. केबल क्रिंप करायला शिकणाऱ्या माझ्या भाच्याला दाखवण्यासाठी ती जपून ठेवली आहेत. नभांगण आणि अनुनाद, आपण दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. धाग्याच्या शीर्षकापुढे 'सुटले' अशी खूण केली आहे.